कृत्ये, अध्याय २७ : मिराहून निघालेलं धान्याचं गलबत माल्टाच्या किनाऱ्यावर का फुटलं?

ओळंबा

प्रेषितांची कृत्ये, हे बायबलच्या नव्या करारातलं पुस्तक, अध्याय २७. ख्रिस्ती धर्मप्रसारक पौल याला कैदी म्हणून रोमला नेतानाचा समुद्रप्रवास. एकूण ४४ वचनं. प्रवचनात यातला देवदूत येतो, भाकर मोडण्याचा प्रसंग येतो. दोर, नांगर आणि वारा मात्र मागे राहतात. प्राचीन काळातलं जहाज वादळात कसं हाताळलं याचं इतकं तपशीलवार वर्णन फार थोड्या ठिकाणी उरलं आहे, म्हणून या धाग्यात फक्त तेवढंच बघू.

आधी वाट. कैसरियाहून अद्रमुत्तियमच्या एका किनारी गलबतात कैदी चढवले. ताबा शताधिपती (शंभर शिपायांवरचा रोमन अधिकारी) यूल्य याच्याकडे. सोबत थेस्सलनीकेचा अरिस्तार्ख. दुसऱ्या दिवशी सीदोन. तिथून सरळ पश्चिमेला न जाता कुप्र बेटाच्या आडोशाने, म्हणजे बेटाच्या पूर्वेकडून वळसा घालून उत्तरेकडून गेले. भूमध्य समुद्रात उन्हाळाभर वारा पश्चिम-वायव्येचा असतो. किलिकिया आणि पंफुल्याच्या किनाऱ्यालगत पाण्याचा ओढ पश्चिमेकडे आहे आणि रात्री जमिनीवरून वारा सुटतो, त्यामुळे किनारा धरूनच पुढे सरकता येतं.

लुकिया प्रांतातल्या मिरा बंदरात आलेक्सांद्रियाचं मोठं जहाज मिळालं. तिथून क्निदपर्यंतची मजल सुमारे १३० सागरी मैलांची, चांगला वारा असता तर दीड-दोन दिवसांची. यांना 'बरेच दिवस' लागले. क्निदच्या पुढे किनाऱ्याचा आडोसा संपतो. म्हणून दक्षिणेला उतरून क्रीटच्या पूर्व टोकाला सलमोनेपाशी वळले आणि बेटाच्या दक्षिण बाजूने रखडत 'कालोई लिमेनेस' म्हणजे 'सुंदर बंदरे' इथे पोहोचले. ते नाव आजही त्याच जागेला आहे.

माझा प्रश्न असा, की जहाज नेमकं कुठल्या निर्णयामुळे फुटलं? माझ्या मते तिथून हलण्याचा निर्णय चुकीचा होता, पण वेडेपणाचा नव्हता.

पानगळ

मिरात आलेक्सांद्रियाचं जहाज काय करत होतं, हे आधी सांगायला हवं, कारण नवीन वाचक तिथेच अडतो. इजिप्तचा गहू रोमला जायचा. वायव्येचा वारा तोंडावर घेऊन आलेक्सांद्रियाहून थेट इटलीला जाता येत नाही. म्हणून आधी उत्तरेला मिरापर्यंत चढायचं आणि मग पश्चिमेला वळायचं. ही नेहमीची वाट होती, जहाज भरकटून तिथे आलेलं नव्हतं.

आकाराचा अंदाज दुसऱ्या शतकातला लेखक लुकियन याच्या लेखनातून येतो. 'इसिस' नावाचं असंच एक धान्यवाहू जहाज वादळामुळे पिरेयसला आलं होतं. त्याची लांबी तो १२० हात देतो, म्हणजे सुमारे ५५ मीटर. पौलाचं जहाज तेवढं असेलच असं नाही, पण २७६ माणसं आणि वर गहू म्हणजे ते लहानही नव्हतं.

आता तारीख. वचन ९ म्हणतं की 'उपास' होऊन गेला होता. हा यहुद्यांचा प्रायश्चित्ताचा दिवस. इ.स. ५९ मध्ये तो ५ ऑक्टोबरच्या आसपास येतो, त्यामुळे पुष्कळ अभ्यासक ५९ हे वर्ष धरतात. नंतरच्या काळातला रोमन लेखक वेजेतियस समुद्राचं वेळापत्रक देतो : २७ मे ते १४ सप्टेंबर निर्धास्त, तिथून ११ नोव्हेंबरपर्यंत बेभरवशाचा, आणि ११ नोव्हेंबर ते १० मार्च समुद्र बंद. आपल्याकडे पावसाळ्यात होड्या ओढून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेला दर्या खुला होतो; तिथे हीच शिस्त हिवाळ्यासाठी होती. म्हणजे हे लोक बेभरवशाच्या काळाच्या मधोमध होते.

एवढं असून मालक निघायला का तयार होता? रोममध्ये धान्यटंचाईवरून दंगे होत. सम्राट क्लौदियसने हिवाळ्यातही धान्य यावं म्हणून व्यापाऱ्यांना हमी दिली होती, की वादळात नुकसान झालं तर ते सरकार सोसेल. सुएतोनियसने ही नोंद केली आहे. इ.स. ५९ मध्ये गादीवर नीरो होता, पण धान्याची ओढ तीच होती. मालकाच्या घाईमागे हा पैसा आहे, आणि तो ध्यानात घेतला नाही तर वचन ११ अर्धंच कळतं.

वसईचा_वारा

पण पौलाने धोक्याची सूचना दिली होती ना? शताधिपतीने सुकाणूवाल्याचं आणि मालकाचं ऐकलं. कैद्याला बोलू तरी कसं दिलं?

ग्रीकपाटी

त्याला समुद्राचा अनुभव होता. करिंथकरांस दुसऱ्या पत्रात (११:२५) तो लिहितो की तीन वेळा जहाज फुटलं आणि एक दिवस-रात्र तो खोल पाण्यात होता. ते पत्र या प्रवासाच्या काही वर्षं आधीचं आहे. म्हणजे माल्टाची फूट ही निदान चौथी.

वचन ११ मध्ये दोन वेगळे शब्द आहेत. 'किबेर्नेतेस' म्हणजे सुकाणू सांभाळणारा, आपला तांडेल. 'नाउक्लेरोस' म्हणजे जहाजाचा मालक किंवा भाडं घेऊन माल नेणारा. शेवटचा शब्द मात्र शताधिपतीचा दिसतो, कारण धान्य सरकारी गरजेचं होतं आणि जहाजावर त्याची शिबंदी होती. जाणकार दोघे एका बाजूला आणि कैदी दुसऱ्या बाजूला असताना त्याने जाणकारांचं ऐकलं. त्याला दोष देणं मला पटत नाही.

शिडकाठी

ओळंबा, 'वेडेपणाचा नव्हता' याच्याशी सहमत. कारणं देतो.

'सुंदर बंदरे' ही पूर्व-आग्नेयेकडे बरीच उघडी जागा आहे. पुढची लहान बेटं थोडा आडोसा देतात, पण चार महिने एवढं मोठं जहाज तिथे नांगरून ठेवायचं म्हणजे प्रत्येक वादळात दोर तुटण्याची भीती. जवळचं लसया गाव २७६ माणसांना हिवाळाभर पोसू शकलं असतं का, हाही प्रश्नच. त्यांना जायचं होतं क्रीटमधल्याच फिनिक्स बंदराला. अंतर सुमारे ४० सागरी मैल. दक्षिणेचा मंद वारा बाजूने घेत ताशी चार मैलांनी दहा तासांत पोहोचता येतं. सकाळी निघायचं, संध्याकाळी बंदरात.

त्यांचा विश्वास किती होता याचा पुरावा मजकुरातच आहे. जहाजाची होडी त्यांनी वर ओढून बांधलीच नव्हती, दोराने मागे ओढत नेली. लांबच्या प्रवासाला निघताना कुणी असं करत नाही. पुढे हीच होडी पाण्याने भरून जड झाली आणि ती वर घेताना सगळ्यांचे हाल झाले (वचन १६).

घात कुठे झाला ते नकाशावर बघा. बंदर सोडून पश्चिमेला भूशिर ओलांडलं की किनारा एकदम उत्तरेला वळतो आणि मेसाराचं उघडं आखात लागतं. तोवर डोंगर वारा अडवतात. त्यापुढे इडा पर्वताच्या बाजूने, २४५६ मीटर उंचीवरून, थंड हवा खाली कोसळते. वचन १४ मध्ये वारा 'तिच्यावरून खाली' आला असं म्हटलं आहे. 'ती' म्हणजे क्रीट. दक्षिणेचा मंद वारा जाऊन उत्तरेकडचा सोसाट्याचा वारा अचानक बसणं हे त्या भागात आजही होतं.

ग्रीकपाटी

वाऱ्याच्या नावाबद्दल. छापील जुन्या पाठांत 'युरोक्लिदोन' आहे. सर्वांत जुन्या हस्तलिखितांत 'युराकिलो'. दुसरं बरोबर असावं. 'युरोस' हा ग्रीक पूर्वेचा वारा आणि 'अकिलो' हा लॅटिन उत्तरेचा. दोन्ही भाषा मिसळलेल्या खलाशांनी केलेला जोडशब्द. ट्युनिशियातल्या थुग्गा इथे दगडी फरशीवर कोरलेल्या वाऱ्यांच्या चक्रात हे नाव सापडलं, तेव्हा शंका मिटली. माल्टात आज ईशान्येच्या या वादळाला 'ग्रिगाल' म्हणतात.

फिनिक्सबद्दलही एक भर घालतो. वचन १२ म्हणतं की ते बंदर नैऋत्य आणि वायव्येकडे तोंड करून आहे. आजचं लुत्रो गाव मात्र पूर्वेकडे उघडं आहे, म्हणून काहींनी भाषांतरात दिशाच उलट्या केल्या. तशी गरज नाही. त्याच भूशिराच्या पश्चिमेला फिनिकास नावाची खाडी आहे आणि तिचं तोंड पश्चिमेला आहे. इ.स. ३६५ च्या भूकंपात क्रीटचा पश्चिम भाग काही ठिकाणी ९ मीटरपर्यंत वर उचलला गेला. आज उथळ वाटणारी खाडी पौलाच्या काळात जास्त खोल होती.

ओळंबा

आता वचन १६-१९, माझ्या मते अध्यायाचा सर्वांत सकस भाग. कौदा, म्हणजे आजचं गावदोस, या बेटाच्या आडोशाला थोडा वेळ पाणी शांत मिळालं. तेवढ्यात त्यांनी तीन कामं उरकली : होडी वर घेतली, जहाजाला दोर आवळले, आणि 'साधन' खाली सोडलं. शिडकाठी, हे नीट उलगडाल का?

शिडकाठी

दोर आवळण्याचं कारण जहाजाच्या बांधणीत आहे. त्या काळी फळ्या एकमेकींना कडेला कडा लावून, खाचा पाडून, लाकडी जिभा बसवून जोडत. शिवण भक्कम असते, पण मध्यावरच्या एकाच मोठ्या डोलकाठीचा हिसका वादळात थेट तळाला बसतो. फळ्या किलकिल्या झाल्या की पाणी आत येतं. गव्हाच्या जहाजात हे दुप्पट वाईट, कारण भिजलेला गहू फुगतो आणि आतून फळ्यांवर दाब देतो. म्हणून जाड दोर नाळेखालून (नाळ म्हणजे जहाजाचं पुढचं टोक) सरकवत मध्यापर्यंत न्यायचे आणि वर आणून पिळून आवळायचे. अथेन्सच्या आरमाराच्या साहित्याच्या यादीतही असे दोर आहेत, पण तिथे ते लांबीच्या दिशेने बांधत असावेत. इथे आडवे की उभे, यावर एकमत नाही. मला आडवेच पटतात, कारण चालू वादळात तेवढंच जमण्यासारखं आहे.

'साधन खाली सोडलं' याचे दोन अर्थ होतात. एक, मोठ्या शिडाची आडवी काठी खाली उतरवली. दुसरा, वेग कमी करायला पाण्यात काहीतरी ओढत सोडलं. कारण मात्र स्पष्ट दिलं आहे : सुर्तीची भीती. लिबियाच्या किनाऱ्याजवळची ही सरकती वाळू गावदोसपासून नैऋत्येला, सुमारे ३५० सागरी मैलांवर. वाऱ्यापुढे नुसतं पळत सुटले असते तर तीन-चार दिवसांत थेट तिथे गेले असते.

मग करायचं काय? नाळ उत्तरेकडे धरायची, वारा उजव्या बाजूला घ्यायचा आणि अगदी लहानशा शिडावर जहाज आडवं तरंगत ठेवायचं. जहाज पुढे जवळजवळ जात नाही, डाव्या बाजूला घसरत राहतं. पूर्व-ईशान्येच्या वाऱ्यात ही घसरण पश्चिमेकडे, किंचित उत्तरेला होते. नकाशावर ती रेघ ओढा. माल्टा लागतं.

पानगळ

हेच गणित स्कॉटलंडच्या जेम्स स्मिथ यांनी १८४८ मध्ये मांडलं. ते स्वतः शिडाच्या नौका चालवत. अशा अवस्थेतलं जहाज ताशी दीड मैल, म्हणजे दिवसाला ३६ सागरी मैल घसरतं असं त्यांनी धरलं. गावदोस ते माल्टा सुमारे ४७६ मैल. ४७६ भागिले ३६ म्हणजे तेरा दिवस आणि थोडे तास. मजकूर म्हणतो चौदावी रात्र.

ग्रीकपाटी

हे गणित सुंदर आहे, पण त्यावर फार भार टाकू नये. वेग ताशी एक मैल धरला तर वीस दिवस लागतात, दोन धरला तर दहा. दीड हा आकडा अनुभवी दर्यावर्दींनी दिलेला सरासरी अंदाज आहे. गणिताने एवढंच सिद्ध होतं की मजकुरातले दिवस अशक्य नाहीत. माझ्या दृष्टीने तेही पुष्कळ आहे.

वसईचा_वारा

वचन २७ मध्ये 'अद्रिया समुद्रात' म्हटलं आहे. मग ते आद्रियातिकातलं म्ल्येत बेट का नसावं? मजकुरात माल्टाचं नाव मेलिते आहे, आणि म्ल्येतचंही जुनं नाव तेच होतं.

पानगळ

हा दावा जुना आहे, पण वारा आणि शब्द दोन्ही विरुद्ध जातात. ईशान्येच्या वादळात क्रीटहून उत्तरेला आद्रियातिकात शिरताच येत नाही. शिवाय पहिल्या शतकात 'अद्रिया' म्हणजे क्रीट ते सिसिलीमधला मोकळा समुद्रही. यहुदी इतिहासकार योसेफस इ.स. ६४ च्या सुमारास रोमला जाताना त्याचंही जहाज अद्रियात बुडालं. सुमारे ६०० माणसं होती. रात्रभर पोहल्यावर कुरेनेच्या एका जहाजाने ८० जणांना उचललं, आणि तोही पुढे इटलीतल्या पुत्युलास बंदरात उतरला. पुढची वाटही बघा : हिवाळा संपल्यावर सुराकूस, रेगियम, पुत्युलास. माल्टाहून हीच सरळ वाट आहे. म्ल्येतहून रोमला जाणारा सिसिलीला कशाला जाईल?

ओळंबा

चौदाव्या रात्रीकडे येऊ. मध्यरात्री खलाशांना जमीन जवळ आल्याचं जाणवलं. अंधारात, पावसात दिसणार काय? एका जुन्या हस्तलिखितात इथे 'जमीन गाजते आहे' अशा अर्थाचा शब्द आहे. म्हणजे लाटा फुटण्याचा आवाज. माल्टाच्या ईशान्येला कवरा भूशिर आहे, पूर्वेकडून सेंट पॉल उपसागराकडे येणारं जहाज त्याच्या अगदी जवळून जातं. ईशान्येच्या वाऱ्यात तिथल्या खडकावर लाट जोरात फुटते.

मग पाणी मोजलं : २० ओर्गिया, थोडं पुढे १५. ओर्गिया म्हणजे पसरलेल्या दोन हातांमधलं अंतर. मराठीत याला नेमका शब्द आहे, वाव. २० वाव म्हणजे सुमारे ३७ मीटर, १५ वाव म्हणजे २८. दोराच्या टोकाला शिशाचा गोळा, त्याच्या बुडाला खळगा, खळग्यात चरबी. तळाची वाळू-चिखल तिला चिकटून वर येतो. हेरोदोतसने इजिप्तपासून एक दिवसाच्या अंतरावर ११ ओर्गियांवर गाळ वर येतो असं लिहिलं आहे, म्हणजे ही रीत तेव्हाही जुनीच होती.

शिडकाठी

आणि मग चार नांगर पिछाडीकडून. नांगर नेहमी नाळेकडून टाकतात, त्यामुळे हे वाचून पुष्कळजण अडखळतात. इथे नाळेकडून टाकले असते तर जहाज झोका घेऊन उलटं फिरलं असतं, आणि फिरताना खडकावर आपटायची भीती. शिवाय सकाळी किनाऱ्याकडे तोंड करायला पुन्हा वळवावं लागलं असतं. पिछाडीकडून टाकल्याने जहाज आहे तसं थांबलं, नाळ किनाऱ्याकडेच. त्या काळच्या जहाजांची पिछाडीही नाळेसारखी निमुळती असे, त्यामुळे मागून येणारी लाट ती फोडू शकत होती.

नांगर लाकडी असत, आडवा दांडा शिशाचा. माल्टाच्या सागरी संग्रहालयात असा सुमारे ४ टनांचा एक दांडा ठेवला आहे. तो याच जहाजाचा असं म्हणायला आधार नाही, पण धान्याच्या जहाजांना काय वजनाचे नांगर लागत ते त्यावरून कळतं.

वसईचा_वारा

खलाशी होडीतून पळून जात होते त्यांचं निमित्त 'नाळेकडून नांगर टाकतो' असं होतं. हे निमित्त शिपायांना पटण्याजोगं होतं का?

शिडकाठी

पटण्याजोगंच होतं. नाळेकडचा नांगर होडीत घालून दूर नेऊन टाकायचा आणि दोर ताणायचा, ही खरी पद्धत आहे. म्हणून पौलाने सांगेपर्यंत कुणाला संशय आला नाही. मुद्दा असा, की खलाशी गेले असते तर सकाळी शीड, सुकाणू आणि नांगर सांभाळायला कुणी उरलं नसतं. शिपायांनी होडीचे दोर कापले आणि ती वाहून गेली. मला यात एक नुकसान दिसतं : सकाळी माणसं उतरवायला होडी राहिली नाही. पण खलाशी गेले असते तर त्याहून वाईट झालं असतं.

ग्रीकपाटी

२७६ या आकड्याबद्दल थोडं. वातिकान हस्तलिखितात (बायबलची एक फार जुनी ग्रीक प्रत) 'सुमारे ७६' आहे. ग्रीकमध्ये आकडे अक्षरांनी लिहीत, आणि 'जहाजात' या शब्दाचं शेवटचं अक्षर पुढच्या आकड्यात मिसळून लेखनिकाने 'सुमारे' असं वाचलं असावं. २७६ हाच पाठ धरतात. ७६ सारख्या नेमक्या आकड्याला 'सुमारे' लावणंही विचित्रच.

ओळंबा

पहाट. सगळ्यांनी खाल्लं, मग उरलेला गहू समुद्रात. वादळाच्या दुसऱ्या दिवशी काही माल टाकलाच होता, तिसऱ्या दिवशी जहाजाचं सामान. गहू शेवटपर्यंत ठेवला, कारण तेच भाडं, तेच खाणं आणि तेच तळातलं वजन. आता मात्र जहाज जितकं हलकं तितकं किनाऱ्याच्या जवळ जाऊन टेकणार.

वचन ४० मध्ये तीन हालचाली एकाच वेळी आहेत. नांगरांचे दोर कापून नांगर समुद्रातच सोडले. सुकाणूंच्या बांधण्या सोडल्या : दोन बाजूंना दोन मोठी वल्ह्यासारखी सुकाणूं असत आणि पिछाडीकडून नांगरताना दोरांत गुंतू नयेत म्हणून ती वर उचलून बांधून ठेवत. आणि 'आर्तेमोन', म्हणजे नाळेवरचं लहान शीड, वर चढवलं. मोठं शीड लावलं असतं तर वेग आवरला नसता. लहान पुढच्या शिडाने नाळ किनाऱ्याकडे ओढली जाते आणि जहाज सरळ राहतं.

तरीही ते ठरवलेल्या जागी पोहोचलं नाही. 'दोन समुद्र मिळतात' अशा जागी नाळ रुतली.

पानगळ

ती जागा सेंट पॉल उपसागराच्या तोंडाशी असलेलं सेल्मुनेत बेट आणि मुख्य किनारा यांच्यामधली खिंड, असं परंपरेने मानतात. बाहेरून बेट वेगळं कळत नाही. आत आल्यावरच मागे पाणी दिसतं. दुसरा अर्थ, पाण्याखालचा वाळूचा उंचवटा. काहीजण माल्टाच्या दक्षिण-पूर्वेचा मुनशार खडक सुचवतात, तिथे मिळालेल्या नांगरांच्या दांड्यांवरून. पण रोमन नांगर माल्टाभोवती पुष्कळ सापडतात, तेवढ्याने जागा ठरत नाही.

नाळ चिखलात घट्ट, पिछाडीवर लाटा, म्हणून जहाज मागून फुटत गेलं. शिपायांना कैदी मारायचे होते, कारण कैदी निसटला तर पहारेकऱ्याचा जीव जाई. यूल्यने ते थांबवलं आणि उतरण्याचा क्रम ठरवला : पोहणारे आधी, मग बाकीचे फळ्यांवर आणि जहाजाच्या तुकड्यांवर. पोहणारे आधी गेले की फळ्या न पोहणाऱ्यांना उरतात, आणि लाटेतून येणाऱ्यांना ओढून घ्यायला किनाऱ्यावर हात असतात. २७६ पैकी सगळे वाचले. माल्टात १० फेब्रुवारीला या घटनेचा सण असतो.

वसईचा_वारा

शेवटचा प्रश्न. 'तीन महिन्यांनी' निघाले असं २८:११ मध्ये आहे. वेजेतियसच्या हिशेबाने तर समुद्र १० मार्चपर्यंत बंद. हे जुळतं का?

पानगळ

जुळतं. उपास ५ ऑक्टोबरला धरला, त्यानंतर काही दिवसांनी निघाले, तर जहाज फुटलं ते ऑक्टोबरच्या अखेरीस किंवा नोव्हेंबरच्या सुरुवातीला. त्यात तीन महिने मिळवले की फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा. रोमन लेखक प्लिनी पश्चिमेच्या वाऱ्याने समुद्र खुला होण्याची तारीख ८ फेब्रुवारी देतो. १० मार्च ही जास्त सावध तारीख आहे. गव्हाच्या जहाजांना बाजार आधी गाठायचा असे.

ज्यातून गेले तेही आलेक्सांद्रियाचंच जहाज, नाळेवर दियुस्कुरांची (ग्रीक पुराणातल्या जुळ्या देवांची) चिन्हं. ते माल्टाच्या सुरक्षित बंदरात हिवाळाभर थांबलं होतं. सुराकूसला तीन दिवस, मग रेगियम. तिथे एक दिवस थांबल्यावर दक्षिणेचा वारा सुटला आणि सुमारे १८० सागरी मैल कापून दुसऱ्या दिवशी ते पुत्युलासला लागले.